सत्कारात मेलेली रिम

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका प्राध्यापकांच्या चाकाशी झटापट करत होते. "ताई, दिवाळी अंकासाठी तुमच्या व्यवसायातले काही हृद्य अनुभव लिहा," ते म्हणाले. आता माझ्याकडे येणारा माणूस हृद्य मनःस्थितीत कधीच नसतो. तो पडलेला असतो, नाहीतर पडता पडता वाचलेला असतो, आणि दोन्ही वेळा चूक माझी असते. तरी लिहिते. हृद्य काही निघालं नाही तर ते संपादकांनी स्वतः घालावं.

मी सायकलची चाकं बांधते. अमरावतीत बडनेरा रस्त्याला माझं दुकान आहे. वडील बडनेऱ्याला सायकली भाड्यानं द्यायचे, त्यांच्याकडे शिकले. बाईच्या हातात स्पोकची चावी बघून नवीन गिऱ्हाईक अजूनही दारातच थांबतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठं गेले?" मी सांगते, "जेवायले गेले. तवरिक मी चाक करून ठेवते." चाक घेऊन जाताना मग तेच गिऱ्हाईक 'मंदामावशी' म्हणतं. काही जण पैसे देऊन झाल्यावरही मिस्त्रीची वाट बघत उभे राहिलेले मी पाहिलेत.

काम सांगायला सोपं आहे. मधे हब, बाहेर रिम, आणि दोघांना बांधून ठेवणाऱ्या तारा. सगळ्या तारा सारख्या ताणल्या तर चाक सरळ फिरतं. एखादी ढिली पडली की ते डावीउजवीकडे झोकांड्या खातं. त्याला आम्ही आऊट म्हणतो. आऊट काढणं हाच माझा संसार. यात बुद्धीपेक्षा चिकाटी जास्त लागते, आणि गिऱ्हाईक शेजारी उभं राहून सल्ला देत असेल तर चिकाटीपेक्षा सोशिकपणा जास्त लागतो.

मधल्या काळात आमच्या गावाला सायकलीचं वेड लागलं. वेड म्हणजे चालवण्याचं नव्हे, घेण्याचं. त्यातूनच कार्बनची रिम आली. पूर्वी रिम लोखंडाची असायची, मग अल्युमिनियमची आली. ही काळी, कोळशाच्या धाग्याची. त्या धाग्याचं कापड गोंदात भिजवून थरावर थर लावायचे, साच्यात दाबायचे आणि भट्टीत भाजायचे. निघतं ते फुलासारखं हलकं आणि भलतं कडक. मोठ्या कंपनीची रिम आणि परदेशातून खोक्यात येणारी बिननावाची रिम यांच्या किमतीत म्हैस आणि शेळीइतकं अंतर असतं. दिसायला मात्र दोघी जुळ्या बहिणी.

आमच्याकडे अर्थातच शेळीच आली.

एक हाडांचे डॉक्टर अशी जोडी घेऊन आले. येण्याआधी सराफा बाजारात जाऊन त्यांनी ती सोन्याच्या काट्यावर तोलून घेतली होती. "मावशी, चारशे ग्रॅम वाचले," ते म्हणाले. मी त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि चावी उचलली. त्याच रविवारी ते मोझरीपर्यंत सायकल मारून आले आणि वाटेत ते चारशे ग्रॅम कचोरीच्या रूपानं व्याजासकट परत मिळवले. रिम अजून धडधाकट आहे. तिला करायला काही काम असेल तर ना.

अकोल्याचे एक कापूस-जिनिंगवाले शेठ तर रिमचे तुकडे पिशवीत घालून आले होते. आपल्याकडे बाभळीच्या काट्याची धास्ती फार. टायर दगडासारखं कडक असलं म्हणजे काटा तोंड फिरवून जातो, असा सगळ्या वऱ्हाडाचा समज आहे. शेठ बायपासवर ट्रकच्या कॉम्प्रेसरशी गेले आणि म्हणाले, टाइट भर. या रिमांची टायर धरणारी कड पातळ असते. तिला ठरावीक हवेपलीकडे सोसत नाही, आणि तो आकडा रिमवर छापलेला असतो. शेठनी तो बारकोड समजून सोडून दिला. सायकल ज्यूसच्या दुकानासमोर उभी होती, शेठ मोसंबीचा रस पीत होते, आणि टायर कडेचा लचका घेऊन उडालं. "एक टेकडी नाही उतरलो मी, अन् फुटली!" ते माझ्यावर ओरडले. पुढे त्यांनी व्हॉट्सॲपवर निबंध लिहिला, 'स्वस्त कार्बनपासून सावधान'. त्यात ट्रकच्या कॉम्प्रेसरचा उल्लेख नव्हता.

ती रिम मी हॅकसॉनं कापून आतून पाहिली. आत कापडाला वळ्या पडल्या होत्या, घाईत घातलेल्या उशीच्या अभ्र्यासारख्या. कुतूहल म्हणून त्याच कारखान्याची दुसरी, एका अपघातातली रिम कापली. ती आतून गुळगुळीत निघाली. म्हणजे एकाच भट्टीतल्या दोन रिमांचं नशीब वेगळं, आणि बाहेरून ते कुणालाच दिसत नाही. अल्युमिनियम तसं नाही. त्याला लागलं की ते वाकतं, तुम्हाला दाखवतं, आणि पक्कड घेऊन बसलं तर बरंचसं सरळही होतं. कार्बन वाकत नाही. तो शेवटपर्यंत ठीक असतो आणि मग एकदम नसतो.

हे सगळं मी प्राचीला समजावून सांगितलं होतं. तिनं ऐकूनही घेतलं होतं, आणि दुसऱ्याच आठवड्यात शेळीची जोडी घेऊन आली होती.

प्राची अकोल्याची. वडील गजाननराव एका रस्त्याच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर. ही पोरगी डाउनहिल करायची. म्हणजे डोंगराच्या माथ्यावरून दगडाधोंड्यांच्या वाटेनं सायकल खाली सोडायची आणि सगळ्यांच्या आधी पायथ्याशी पोचायचं. अकोल्यात डोंगर कुठला, म्हणून ती चिखलदऱ्याला यायची. दुधाच्या गाडीत सायकल टाकून वर जायची आणि गुरांच्या वाटेनं खाली उतरायची. तिथली गुरं ती वाट जपून उतरतात. हिला तेवढाही धीर नव्हता. दर आठवड्याला तिची अल्युमिनियमची रिम माझ्याकडे जिलेबी होऊन यायची.

"मावशी, ह्या लावून द्या," कार्बनची जोडी काउंटरवर ठेवत ती म्हणाली.

"हे प्लास्टिक घेऊन तू त्या दगडाईत जाशीन? आठ दिवसांत भुगा होते याचा."

"मंग आठ दिवसानं भुगा घेऊन येईन. लावून तं द्या!"

मी लावून दिल्या. कार्बनची रिम खोल असते, तिला तारा आखूड लागतात. म्हणून तिच्या जुन्या तारा सोडवून जुडी बांधली आणि शेवटच्या, बऱ्यापैकी सरळ असलेल्या अल्युमिनियम रिमसोबत खिळ्याला टांगून ठेवली. आठ दिवसांनी लागेलच, या खात्रीनं.

आठ दिवसांनी चाकं आली. आऊट नाही. महिन्यानं आली. ओरखडे होते, आऊट नाही. प्रत्येक वेळी मी टायर काढायची आणि एका नाण्यानं रिम सगळीकडून वाजवायची. उन्हाळ्यात माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. थर एकमेकांना धरून असले की टणटणीत आवाज येतो, आतून सुटले असले तर बद्द येतो. अख्खा पावसाळा त्या रिमा टणटणीत वाजल्या. दगडावर आपटल्या, पाण्यात बुडाल्या, एकदा प्राचीसकट नाल्यात गेल्या, पण माझ्या भविष्याला त्यांनी भीक घातली नाही. मला रागच यायचा. गिऱ्हाइकानं खोटं पाडलं तर भांडता येतं, रिमशी कसं भांडणार? शेवटी मी कबूल केलं की हिच्या वाट्याला गुळगुळीत पोटाची जोडी आली आहे. प्राचीनं ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

ऑक्टोबरात चिखलदऱ्यालाच राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. पहिल्या तिघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. तिथे पदक मिळालं तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीसाठी अर्ज करता येणार होता, आणि वयाच्या अटीमुळे प्राचीसाठी हे शेवटचं वर्ष होतं. घरात स्थळं बघणं सुरू झालेलं. गजाननरावांनी आईला कसंबसं थोपवून धरलं होतं, ते या चाचणीपुरतंच. पोरीचं पुढचं सगळं आयुष्य त्या उतारावर ठरायचं होतं.

आणि इथे नानासाहेबांचा प्रवेश होतो. नानासाहेब म्हणजे गजाननरावांचे मालक, रस्त्यांचे ठेकेदार आणि आमच्या सायकलप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या अध्यक्षपदाबद्दल मला कधी शंका आली नाही. सायकलींच्या रिमा वाकाव्यात यासाठी इतकी वर्षं इतकं रस्त्यावर उतरून काम करणारा दुसरा माणूस जिल्ह्यात नाही. त्यांचा रस्ता एका पावसात उखडतो आणि माझं दुकान पुढच्या पावसापर्यंत चालतं. प्राचीला त्यांनी आजवर दोन गोष्टी दिल्या होत्या. एक शुभेच्छा, आणि दुसरं स्वतःच्या नावाचं स्टिकर, जे तिनं रिमवर लावावं अशी त्यांची इच्छा होती. मालकाची इच्छा म्हणून ते लागलंही.

चाचणीच्या आदल्या दिवशी मंडळानं प्राचीचा सत्कार ठेवला. अजून ती काही जिंकली नव्हती, पण जिंकल्यावर दुसऱ्या कुणी आधी सत्कार केला तर काय घ्या. सकाळी सभागृहात शाल, श्रीफळ, बँजो पार्टी, सगळं होतं. सायकलचं पुढचं चाक काढून टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं होतं. मंडळाच्या कुणाला तरी वाटलं होतं की त्यानं शोभा येईल. मला 'तांत्रिक मार्गदर्शक' म्हणून तिसऱ्या रांगेत बसवलं होतं.

नवीन वाहनाची पूजा आपण सगळेच करतो. हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, चाकासमोर नारळ फोडतो. चाकासमोर. नानासाहेबांनी माइक हातात घेतला.

"मित्रहो, लोक म्हणतात स्वस्त कार्बन टिकत नाही. आपली कन्या ज्या चाकांवर उद्या उतरणार आहे, त्यांची मजबुती मी आपल्याला प्रत्यक्ष दाखवतो!" आणि त्यांनी श्रीफळ उचलून चाकाच्या रिमवर हाणलं.

नारळ फुटला नाही. सभागृहात कुणीतरी हसलं. तिथेच घात झाला. अध्यक्षांच्या हातून नारळ फुटत नाही म्हणजे काय? त्यांनी कोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि पुन्हा हाणला. मी उठून ओरडले, "अहो, अहो, काय करून राहिले!" पण बँजोवाल्यांना वाटलं, हीच वेळ आहे. त्या गदारोळात नानासाहेबांनी नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि आणला तो सगळं वजन घालून. नारळाची शकलं उडाली. पाणी पहिल्या रांगेतल्या माजी नगरसेवकांच्या अंगावर गेलं.

"नारळ फुटला, रिम नाही!" नानासाहेब गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचीचा चेहरा पांढरा पडला होता. गजाननराव टाळ्या वाजवत होते, कारण मालक त्यांच्याकडे बघत होते.

दुपारी आम्ही चाक दुकानात आणलं. टायर काढलं. ओरखडासुद्धा नव्हता, स्टिकर तर जसंच्या तसं होतं. मी नाणं घेतलं. टण, टण, टण, आणि जिथे नारळ बसला होता त्या वीतभर जागेत बद्द. पुन्हा वाजवलं, पुन्हा बद्द. रिमच्या रुंद बाजूवर आडवा घाव, खाली टेबलाची धार. दगड असा घाव घालत नाही. दगडापुढे टायर असतं, टायरात हवा असते. नारळापुढे काहीच नव्हतं.

"हे चाक उद्या लागत नाही," मी म्हटलं.

"काहून? दिसत तं काहीच नाही!" प्राची म्हणाली. "मावशी, तुमीच म्हणत होते का लय मजबूत जोडी हाये."

"होती."

"फुटनच असं काही हाये का?"

फुटेलच असं मलाही ठाऊक नव्हतं. कदाचित उद्याचा उतार पार करून गेली असती. कदाचित पहिल्याच धोंड्याला पुढचं चाक नाहीसं झालं असतं, आणि पुढचं चाक गेलं की माणूस तोंडावर येतो. तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. मागची जिवंत आहे, ती राहू दे, पुढे जुनी अल्युमिनियमची बांधून देते, म्हटलं.

"ते जड हाये! अन् पहिल्या दगडाले दबते. मले तिघीत यायचं हाये मावशी, चौथीले कोणी विचारत नाही."

गजाननराव कोपऱ्यात उभे होते. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही बाप आहात, काही बोला." त्यांनी रिमवरच्या स्टिकरवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "साहेब म्हणतील, आमचं नाव असलेलं चाक काहून काढलं."

मला इतका संताप आला की हातातली चावी मी बाकड्यावर आपटली. "भाऊसाहेब, पोरगी पडली तर साहेब म्हणतील की तिलेच चालवता येत नाही. लिहून ठेवा!"

प्राचीनं नाणं माझ्या हातातून घेतलं. स्वतः रिमवर फिरवत राहिली, पुढे, मागे, पुन्हा त्याच जागी. बद्द आवाज आला की तिचे डोळे भरून यायचे. शेवटी तिनं नाणं बाकड्यावर ठेवलं आणि म्हणाली, "बांधा मावशी." दिवेलागणीच्या आत मी ते चाक बांधलं. माझ्या हातून बांधलेल्या उत्तम चाकांपैकी ते एक आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

चाचणीला मी गेले होते. धुकं होतं, माणसं छत्र्या घेऊन वाटेच्या कडेला उभी होती. प्राची वरून आली ती दगड निसटावा तशी. मधल्या टप्प्याला ती दुसरी होती. पायथ्याच्या थोडं वर काळ्या धोंड्यांची एक पायरी आहे, तिथे पुढची रिम दबली, टायरातली हवा निघाली, आणि उरलेलं अंतर तिनं लंगड्या चाकावर, वेग धरून ठेवायचा आटापिटा करत काढलं. ती पडली नाही. चौथी आली. तिसरीनं तिला निसटत्या फरकानं हरवलं होतं. प्राची चाकाशेजारी चिखलात बसून हमसून हमसून रडली, आणि मी तिच्या शेजारी बसून राहिले. मागची स्वस्तातली रिम ठणठणीत होती. तिच्यावर अजून चिखलदऱ्याचा चिखल आहे.

आठवड्याभरानं प्राची आणि मी दुकानात ती दबलेली अल्युमिनियमची रिम सरळ करत होतो. बाहेर नानासाहेबांची गाडी थांबली. चालवत गजाननराव होते. हल्ली साहेब त्यांना ड्रायव्हरचंही काम सांगायचे.

नानासाहेब खुर्चीवर बसले. "काय प्राची, चौथी? अगं कार्बनवर असतीस तर पहिली आली असतीस. आम्ही भर सभेत मजबुती सिद्ध करून दिली होती. या मावशीनं तुला उगाच घाबरवलं." भिंतीवर टांगलेली, त्यांचं स्टिकर लावलेली कार्बनची रिम दाखवून ते म्हणाले, "ती द्या मला. मंडळाच्या कार्यालयात लावतो. काहीसुद्धा झालेलं नाही तिला."

प्राची उठली. तिनं रिम काढून त्यांच्या हातात दिली. "काही झालं नाही ना साहेब? मंग कार्यालयात काहून लावता, तुमच्या सायकलीले लावा. मावशी आत्ता बांधून देतात. तुमी अध्यक्ष हा, स्वतः सायकलपटू हा. रविवारी त्याच वाटेनं खाली या. आमी सगळे पायथ्याशी उभे राहतो, बँजो लावतो."

नानासाहेब हसले. मग त्यांचा अंगठा रिमवरून फिरला आणि नारळ बसला होता त्या जागी नकळत थांबला. त्यांनी तिथे थोडं दाबून पाहिलं. हसू ओसरलं.

"माझं वजन बघून बोल बाई," ते म्हणाले.

"वजन कमी असतं तं उतरले असते?"

"अवं, पण काहून उगाच रिस्क घ्या लागते?" साहेबांची प्रमाण भाषा एकदम गळून पडली. "हात-पाय मोडला तं कोण भरून देईन?"

"मंग माहे हात-पाय स्वस्त होते का साहेब?"

नानासाहेबांनी रिम काउंटरवर ठेवली, कोट ओढून सारखा केला आणि ते दाराकडे वळले. "गजानन, चल. गाडी काढ."

दारात उभ्या गजाननरावांनी किल्ली खिशातून काढली. ती त्यांनी साहेबांच्या हातात दिली.

"तुमी चाला साहेब," ते म्हणाले. "मी पोरीसंग एसटीनं येतो."

मग ते आत आले आणि प्राचीनं पुन्हा हातात घेतलेल्या अल्युमिनियमच्या रिमची दुसरी बाजू त्यांनी धरली.